अलिबागला जाऊन-येऊन: किनाऱ्याच्या सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

सकाळी मुंबई-ठाण्याहून किंवा पुण्याहून निघायचं, दिवस किनाऱ्यावर काढायचा आणि रात्री घरी परतायचं, अशा सहलींविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेकांचा ओढा अलिबागकडे आहे, म्हणून मांडव्यापासून काशीदपर्यंतच्या पट्ट्यापुरतंच बोलतो.

प्रश्न : दोनदा अलिबागला गेलो, दोन्ही वेळा कुलाबा किल्ल्याभोवती पाणी होतं. चालत जाता येतं ते नेमकं कधी? (डोंबिवली)

तुम्ही सुट्टी पाहून दिवस ठरवलात. किनाऱ्याची सहल तिथी पाहून ठरवायची असते, आणि त्यासाठी घरातलं कालनिर्णय पुरतं. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, आलेल्या वेळेला पूर्ण भरती असते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. पहाटे तीनला एकदा, दुपारी तीनच्या पुढे पुन्हा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून दिवस यावरून ठरवावा आणि नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी.

आता किल्ल्याचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, तसंच खूप मागेही जातं. पण नेमक्या पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते आणि ओहोटी संध्याकाळी, अंधाराच्या तोंडावर, म्हणजे दिवसभराच्या सहलीला निरुपयोगी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी मिळते, पण तेव्हा भांग असतो. पाणी फारसं मागे हटत नाही आणि किल्ल्याच्या वाटेवर गुडघ्याएवढं किंवा त्याहून जास्त राहू शकतं. अशा वेळी लोक घोडागाडीने जातात. चालतच जायचं असेल तर तृतीया ते पंचमी हे दिवस धरा. उधाणाचा जोर शिल्लक असतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. गेटवेहून पहिली बोट पकडली तरच हे जमतं.

ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी तासभर निघा आणि पाणी वळल्याचं दिसलं की लगेच परत फिरा. भरती सरळ समोरून येते असं नाही. आधी बाजूच्या सखल भागात भरते, आणि तुम्ही उभे आहात ती वाळू कोरडी असतानाच मागची वाट बुडालेली असते. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा किल्ला घाईत पाहायचा नाही. तटाचे मोठाले दगड चुना न भरता रचलेले आहेत. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. हे जवळून पाहण्यासारखं आहे. आतली गोड्या पाण्याची पुष्करणी आणि 1759 मधलं गणेश पंचायतन मंदिर चुकवू नका.

प्रश्न : स्वतःची गाडी न्यावी की बोटीने जावं? (ठाणे)

एका दिवसासाठी बोटच. गेटवे ते मांडवा साधारण तासाभराचा प्रवास, पुढे बोटवाल्यांच्या बसने अलिबाग. रस्त्याने वडखळला रविवारी अडकलात तर अर्धा दिवस तिथेच जातो. गाडी हवीच असेल तर 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, तीत गाडी चढवता येते. परतीचं तिकीट जातानाच घ्या. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात.

प्रश्न : मुलगा कॉलेजच्या मित्रांसोबत काशीदला जाणार आहे. सगळ्यांना पोहता येतं. तरी काळजी वाटते, ती उगाच आहे का? (पुणे)

उगाच नाही. तलावात पोहणं आणि समुद्रात पोहणं ही दोन वेगळी कामं आहेत. काशीद आणि मुरूडच्या पट्ट्यात बुडण्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि त्यांत पोहता येणारेही असतात. 2016 मध्ये मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, ते 1 फेब्रुवारीला. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं.

धोका समजून घेतला तर टाळता येतो. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दांड्यात कुठेतरी खोलगट पट्टा असतो, तिथून ते जोरात आत ओढलं जातं. तो पट्टा ओळखायची खूण फसवी आहे: दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्येच पाणी शांत, जरा गडद दिसतं. नवख्या माणसाला तीच जागा पोहायला बरी वाटते. ओहोटी लागलेली असताना ही ओढ अधिक जोराची होते.

मुलाला तीन गोष्टी सांगा, आणि त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्या. ओढीत सापडला तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, दमछाक तिथेच होते. पाठीवर तरंगत श्वास सांभाळायचा, हात वर करून हाका मारायच्या, आणि ओढ सैल झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. मित्र ओढला गेला तर मागोमाग उडी घ्यायची नाही. दोर, रिकामा प्लास्टिकचा कॅन, चेंडू, जे तरंगेल ते फेकायचं आणि जीवरक्षकाला किंवा होडीवाल्याला बोलवायचं. दारू प्यायलेल्या कोणालाही पाण्यात जाऊ द्यायचं नाही, मग मैत्री तुटली तरी चालेल. गावातला कोळी किंवा टपरीवाला "आज नको" म्हणाला तर तिथेच थांबायचं. तो रोज ते पाणी पाहतो.

प्रश्न : अलिबागची वाळू काळपट आणि पाणी गढूळ का? प्रदूषण आहे का? मुलांना पाण्यात सोडावं का? (नवी मुंबई)

वाळूचा रंग सह्याद्रीचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झालेला काळा पाषाण झिजून ही वाळू बनते, त्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतो. दक्षिणेला सिंधुदुर्गात खडक बदलतो, म्हणून तिथे वाळू पांढरी. गढूळपणा मुख्यतः गाळाचा आहे. मुंबईच्या आणि धरमतरच्या खाड्या जवळ आहेत, भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे, त्यामुळे तळाचा गाळ बसायला उसंतच मिळत नाही. पण याचा अर्थ पाणी सगळीकडे स्वच्छ आहे असा घेऊ नका. नाल्याचं तोंड जिथे किनाऱ्याला मिळतं तिथून मुलांना लांब ठेवा.

लहान मुलांसाठी मी अष्टमीच्या आसपासचा दिवस सुचवेन. भांग असल्याने पाण्याला ओढ कमी आणि ओहोटी दुपारी. मात्र उन्हाचं भान ठेवा. पावसाळ्यात निळसर फुग्यासारखे, लांब धागे असलेले जीव किनाऱ्याला लागतात, ते मेलेले दिसले तरी डंख करतात. डंख झाला तर वाळू चोळू नका. धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरून ठेवा. श्वास लागला तर थेट दवाखाना.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी आणि एकीची आई. कपडे बदलायची, बाथरूमची सोय नसते. काय करावं? (दादर)

ही अडचण खरी आहे आणि तिच्यामुळे कित्येक बायका पाण्यात उतरतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. नागाव किंवा किहीमला वाडीतल्या घरात दिवसापुरती खोली घ्या. सात जणींत खर्च जाणवत नाही. आधी फोन करून जेवणही तिथेच सांगा. मासे, भाकरी, सोलकढी वेळेवर मिळते आणि काकूंना दुपारी पाठ टेकायला जागा होते. किहीमला सुरूच्या झाडांची सावली आहे. सालीम अलींनी 1930 मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास याच गावात केला. कोणाला पक्ष्यांची आवड असेल तर दुर्बीण न्या.

प्रश्न : नागावला लोक गाड्या थेट वाळूवर नेतात. आपणही नेली तर काय बिघडतं? (पनवेल)

नेऊ नका. भरतीत गाड्या अडकून बुडाल्याच्या घटना या किनाऱ्यांवर पुन्हा पुन्हा होतात, पण माझा आक्षेप तेवढाच नाही. ओल्या वाळूत खेकड्यांची बिळं असतात. त्यांच्या दारातल्या बारीक गोळ्यांची नक्षी मुलांना दाखवा. वरच्या बाजूला मर्यादवेल पसरलेली असते, तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवली आहे. चाक फिरलं की बिळं दबतात, वेल तुटते आणि पुढच्या पावसात वाळू वाहून जाते. नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. मार्च 2018 मध्ये मुंबईत वर्सोव्याला पिल्लं निघाली, मग नागावला घरटं असणारच नाही असं कोण म्हणेल? कासव किंवा पिल्लं दिसली तर हात लावू नका, टॉर्चचा उजेड पाडू नका, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. गाडी रस्त्यालगत वाडीत लावा, वाडीवाले थोडे पैसे घेतात, आणि शेवटची शंभर पावलं चालत जा.