गुणतक्त्याच्या तळाशी : वाचकांचे फुटबॉलविषयक प्रश्न

प्रश्न : आमच्या मंडळाचा संघ यंदा लीगच्या खालच्या विभागात शेवटच्या स्थानावर आहे. पाच सामने उरले आहेत आणि आमच्या लगत वर असलेला, सध्या सुरक्षित मानला जाणारा संघ चार गुणांनी पुढे आहे. त्याच्याशी आमचा एक सामना बाकी असून पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांशीही खेळायचे आहे. मुले खचली आहेत आणि नोकरीच्या पाळ्यांमुळे सरावाला जेमतेम आठ जण येतात. प्रशिक्षक म्हणतात, आता प्रत्येक सामना जिंकण्यासाठीच खेळायचे. आपले मत काय?
– एका फुटबॉल मंडळाचे चिटणीस, नेरूळ

उत्तर : आपल्या प्रशिक्षकांची जिद्द मला मनापासून आवडली, परंतु पाचही सामने एकाच पद्धतीने खेळण्याचा सल्ला मी देणार नाही. विजयाला 3 गुण आणि बरोबरीला 1 गुण या हिशेबात तळाच्या संघासाठी सगळे सामने सारख्या मोलाचे नसतात. लगतच्या संघाला हरवले, तर आपल्या खात्यात 3 गुण जमा होतातच, शिवाय त्याला मिळू शकणारे 3 गुणही हुकतात. म्हणजे आजचे चार गुणांचे अंतर त्या एका दुपारी एका गुणावर येऊ शकते. आपल्या हंगामाचा खरा सामना तो आहे. त्यासाठी उत्तम अकरा जण ताजेतवाने आणि निलंबनमुक्त राहतील, हे आतापासून पाहावे. आधीच्या सामन्यात पंचांशी वाद घालून कार्ड ओढवून घेणे आपल्याला परवडणारे नाही.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील लेस्टर सिटीचा 2014-15 चा हंगाम या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. 29 सामन्यांनंतर त्यांचे अवघे 19 गुण होते आणि सुरक्षित जागा 7 गुण दूर होती. उरलेल्या 9 सामन्यांपैकी त्यांनी 7 जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि 41 गुणांसह 14 वे स्थान मिळवले. त्यांचा एकमेव पराभव त्या वर्षीच्या विजेत्या चेल्सीकडून झाला. उलट त्याच हंगामात खालच्या श्रेणीत गेलेल्या बर्नली आणि क्वीन्स पार्क रेंजर्स या दोघांनाही त्यांनी याच टप्प्यात हरवले. बर्नलीविरुद्ध तर प्रतिस्पर्ध्याची पेनल्टी वाया गेली आणि पुढच्याच मिनिटाला जेमी वार्डीने सामन्यातील एकमेव गोल केला. विजेत्यांकडून हरूनही वर राहता येते, शेजाऱ्यांकडून हरून मात्र राहता येत नाही, असे मला या हंगामावरून ठामपणे वाटते.

म्हणून पहिल्या दोन संघांविरुद्ध बचावफळी आखूड अंतरात ठेवावी आणि शून्य-दोन अशा पिछाडीवर असताना शेवटची दहा मिनिटे सगळे पुढे पाठवून आणखी तीन गोल खाऊ नयेत. समान गुण झाल्यास क्रम कसा लावतात, हे स्पर्धेच्या नियमावलीत आजच पाहून घ्यावे. प्रीमियर लीगमध्ये आधी गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक, पाहतात, तर स्पेनच्या ला लिगामध्ये त्या दोन संघांच्या आपसांतील सामन्यांचा निकाल आधी पाहतात. आपल्याकडे गोलफरकाचा नियम असेल, तर मोठ्या संघाकडून पाचऐवजी दोन गोलांनी हरणे हीसुद्धा कमाई आहे, आणि हे मुलांना सामन्याआधी स्पष्ट सांगावे. एरवी हरलेल्या सामन्यात कोणी धावत नाही.

सरावाला आठच जण येत असतील, तर संपूर्ण संघाच्या रचनेवर वेळ घालवू नये. कॉर्नर आणि फ्री किक यांचा सराव आठ जणांतही होतो. कोणी कोणाला अडवायचे, पहिल्या खांबाजवळ कोण थांबणार, परत आलेला चेंडू कोण दूर मारणार, हे ठरलेले असले की निम्नस्तरीय लीगमधले बरेच गोल टळतात. सामना मुंबईत असेल, तर नेरूळहून हार्बर लोकलने पोहोचण्यातच तासाहून अधिक वेळ जातो; तेव्हा तारखा हाती येताच प्रत्येकाने कामाच्या ठिकाणी पाळी बदलून घ्यावी आणि त्याचा पाठपुरावा चिटणीस म्हणून आपण स्वतः करावा. संख्या भरण्यासाठी नोंदणी नसलेला खेळाडू मात्र कधीही उतरवू नये. तसे केल्यास सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल होऊ शकतो आणि कष्टाने मिळवलेला गुण कागदावर जातो.

प्रश्न : मुंबई एफसी खालच्या श्रेणीत गेला आणि बंद पडला. खाली घसरणे म्हणजे क्लबचा शेवटच का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : 2007 मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी 2016-17 च्या आय-लीग या देशपातळीवरील स्पर्धेत तळाला राहिला आणि त्यानंतर बंद झाला, याचे दुःख इथल्या अनेक प्रेक्षकांप्रमाणे मलाही आहे. परंतु तो पगारी खेळाडूंचा व्यावसायिक संघ होता. अशा संघाचा खर्च श्रेणीबरोबर आपोआप उतरत नाही. इंग्लंडचा कार्लाइल युनायटेड 2004 मध्ये फुटबॉल लीगमधून, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणींमधून, बाहेर पडला, 2005 मध्ये परतला आणि 2025 मध्ये पुन्हा बाहेर गेला. तरीही क्लब चालू आहे, कारण गावातले लोक खालच्या श्रेणीतही सामन्याला येतात. हौशी मंडळात कोणाचे पगार थकत नाहीत. तिथे कुमार गटाचा सराव चालू आहे का आणि मैदान हातात आहे का, यावर पुढचे वर्ष ठरते. या दोन गोष्टी असतील, तर खालच्या विभागात जाऊनही संघ उभा राहतो. त्या नसतील, तर वर राहूनही काही काळाने अकरा जण जमवणे कठीण होते.

प्रश्न : शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, तर गोलरक्षकाने पुढे जावे का?
– एक गोलरक्षक, कोपरखैरणे

उत्तर : बरोबरीने काहीच साधणार नसेल, तर अवश्य जावे. 8 मे 1999 रोजी याच कार्लाइलला लीगमध्ये राहण्यासाठी प्लिमथविरुद्ध विजय हवा होता आणि 1-1 अशी बरोबरी असताना, उसनवारीवर आलेल्या जिमी ग्लास या गोलरक्षकाने भरपाई वेळेत कॉर्नरनंतर गोल करून संघ वाचवला. बरोबरीचा एक गुण उपयोगी असेल, तर मात्र आपली जागा सोडू नये. जायचे ठरले, तर मध्यरेषेजवळ दोन वेगवान बचावपटू ठेवावेत आणि चेंडू गोलक्षेत्राबाहेर गेला की क्षणही न थांबता मागे धावावे.