थैली पुढे आली की

अरे, चर्चमध्ये दानाची थैली पुढे आली की शेजारच्याची नोट बघू नकोस. मीही पहिली काही वर्षं तेच करायचो. घरी जाऊन बायबलमधलं २ करिंथ ८ वाच, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. मासेदोनियाच्या मंडळ्या, म्हणजे तिथले ख्रिस्ती समुदाय, स्वतः कंगाल, तरी यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी देऊ द्या म्हणून पौलाला विनवत होत्या! तो त्या देण्याला कृपाच म्हणतो, दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा, हिशेब तिथे काढतच नाही.

पगार झाला की आधी बाजूला काढ. गारपिटीत द्राक्षबाग गेलेला एखादा भाऊ नाशिकच्या शरणपूरला उपासनेला दिसला, तर मंडळीत आवाहन होण्याची वाट पाहू नकोस. किराणा पोचता कर. नाव सांगू नकोस. आणि हो, कर्ज काढून देऊ नकोस. बाराव्या वचनात पौलच सांगतो, आपल्याजवळ असेल त्या मानाने.