प्रोजेक्ट संपला, पण काम संपलं का?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. नेमणूकपत्रावर ‘प्रोजेक्ट’ लिहिलं की माणूस कायम होण्याचा हक्क गमावतो का? तसं होत नाही. पण पत्रांत गैरसमजही बरेच आहेत, म्हणून एकेक घेऊ.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात सात वर्षं वेल्डर आहे. प्रत्येक ऑर्डरला नवं पत्र देतात, ‘अमुक प्रोजेक्ट पूर्ण होईपर्यंत’ असं. मध्ये तीन-चार दिवसांचा ब्रेक. आता म्हणतात, प्रोजेक्ट संपला, उद्यापासून येऊ नका. २४० दिवस भरले की माणूस कायम होतो ना?

दादा, २४० दिवसांचे नियम दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला, आता त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे. वर्षात २४० दिवस भरले, तर कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. यानं नोकरी कायम होत नाही, फक्त फुकटात काढता येत नाही. दुसरा नियम महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतला, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या नमुना नियमांतला. त्यात २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या किंवा बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्या) कामगाराला लेखी आदेशानं कायम करायचं आहे. हंगामी कारखान्यात हाच आकडा १९० आहे. पण हे आदेश लागू होण्यासाठी आपल्या राज्यात ५० कामगार लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा ३०० झाली. शिरोली-गोकुळ शिरगावच्या किती फाउंड्र्या ३०० च्या वर आहेत, हे तुम्हीच मोजा. हा बदल मला सरळ सरळ कामगारांच्या विरोधातला वाटतो.

आता तुमच्या ‘प्रोजेक्ट’बद्दल. कराराची मुदत संपून नोकरी गेली, तर ती कामगारकपात धरली जात नाही, हे कलम जुन्या कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. मालक याचाच आधार घेतात. पण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या टेलिफोन खात्याच्या मजुरांच्या प्रकरणात या आधाराला अटी घातल्या. प्रकल्प खरोखर तात्पुरता हवा. नुसती रोजंदारी चालत नाही, करार हवा. प्रकल्पाबरोबर नोकरी संपेल, हे त्यात असायला हवं आणि कामगाराला ते सुरुवातीलाच सांगितलेलं हवं. शिवाय नोकरी प्रत्यक्षात प्रकल्पाबरोबरच संपायला हवी. यातलं एक जरी सिद्ध झालं नाही, तरी मालकाचा आधार गळतो.

तुमच्याकडे काय झालं? आज साखर कारखान्याची टाकी, उद्या दूध संघाची पाइपलाइन, परवा कुणाची शेड. हा तर त्या कारखान्याचा रोजचा धंदाच आहे! गिऱ्हाईक बदललं म्हणून वेल्डिंग संपत नाही. सात वर्षं सतत लागलेल्या कामाला तात्पुरतं म्हणणं मला तरी पटत नाही, आणि न्यायालयालाही ते पटवणं मालकाला जड जाईल. कामगाराला वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ती आहे, संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही आहे. पुण्याच्या वन खात्याच्या मजुरांच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, वर्षानुवर्षं तसंच ठेवण्यावरूनच मालकाचा हेतू ताडता येतो. आणि काम थांबण्यात कामगाराची चूक नसेल, तर तेवढ्यानं सेवेची सलगता मोडत नाही. म्हणून त्या तीन-चार दिवसांच्या ब्रेकला घाबरू नका.

खरी अडचण पुराव्याची आहे. २४० दिवस भरले हे आधी कामगारानं शपथेवर सांगायचं असतं, मग हजेरीपट हजर करण्याची जबाबदारी मालकावर येते. आजच पीएफचं पासबुक डाउनलोड करून घ्या. त्यात महिन्यागणिक त्याच आस्थापनेची वर्गणी दिसते, आणि ब्रेकच्या महिन्यातही ती जमा झालेली असते. सगळी नेमणूकपत्रं, गेटपास, सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘उद्या सेकंड शिफ्टला या’ असे निरोप, काहीही टाकून देऊ नका. १९७१ च्या कायद्याखालच्या तक्रारीला ९० दिवसांची मुदत असते, तीच धरून हालचाल करा. नव्या संहितेत बडतर्फीच्या वादाला दोन वर्षं आहेत, पण तेवढं थांबण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : कागल पंचतारांकित वसाहतीत माझा लहान कारखाना आहे. सोलर उभारणीचं आठ महिन्यांचं काम मिळालंय, पंचवीस माणसं लागतील. नंतर त्यांना द्यायला काम नाही. ती कायमची गळ्यात पडतील का?

व्यवहार सरळ असेल, तर नाही. पत्रात साइटचं नाव, कामाचं स्वरूप आणि शेवटची तारीख किंवा टप्पा लिहा आणि पहिल्या दिवसाआधी सही घ्या. काम संपलं की नेमणूकही संपवा. मोह होतो तो पुढे. त्यातले चार चांगले फिटर त्याच पत्रावर शॉप फ्लोअरवर ओढले जातात. ते करू नका, हवे असतील तर नव्यानं घ्या. मुदतबंद कामगाराला तशाच कामाच्या कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती द्याव्या लागतात. वर्ष भरलं तर ग्रॅच्युइटीही. तुमचं काम आठ महिन्यांचं असल्यानं ती लागणार नाही. पीएफ मात्र पहिल्या दिवसापासून. शिवाय उभारणीच्या कामावर ९० दिवस भरलेल्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. त्यासाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला देणं मात्र टाळू नका, त्यावर त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या मिळतात.

प्रश्न : कोल्हापूरच्या चित्रनगरीत मालिकांवर लाइटमन आहे. निर्माता तोच, मालिका बदलतात. आमचं काय?

तुमच्यासारखंच एक प्रकरण फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयात १९९८ मध्ये गेलं होतं. चित्रपट कंपनीतले इलेक्ट्रिशियन, दर सिनेमाला नवी नेमणूक. न्यायालयानं ठरवलं की, एका चित्रपटानंतर दुसऱ्यावर सतत घेतलेला आणि कंपनीच्या धंद्याला अत्यावश्यक काम करणारा प्रकल्प-कामगार नियमित ठरतो. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण युक्तिवाद म्हणून वजनदार आहे. आपल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दृक्‌श्राव्य कामगारांशी लेखी करार सक्तीचा आहे आणि त्यात मालिकांवरचे लोकही येतात. ज्या गावात सिनेमाच्या सुरुवातीच्या काळात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला, तिथं लाइटमन तोंडी शब्दावर राबतो, याचं वाईट वाटतं. आधी करार मागा. एकट्यानं नको, सगळ्या क्रूनं मिळून.

प्रश्न : सरकारी योजनेत अकरा महिन्यांच्या करारावर नऊ वर्षं आहे. उमादेवी निकालामुळे कायम होता येत नाही म्हणतात.

ताई, सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा तो निकाल मागच्या दारानं झालेल्या भरतीविरुद्ध होता. त्याचा आडोसा घेऊन वर्षानुवर्षांच्या कामगारांना वाऱ्यावर सोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ च्या निकालात बजावलं आणि केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगार महिलांना व माळ्याला सेवेत नियमित करायला लावलं. तरी खरं ते सांगायला हवं. तुमचं पद मंजूर आहे का, निवड जाहिरात देऊन झाली का, यावर बरंच अवलंबून आहे. जाहिरातीची आणि निवड यादीची प्रत माहिती अधिकारात मागवून ठेवा. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे, त्यामुळे रिट याचिकेसाठी मुंबईच्या फेऱ्या नाहीत.

प्रश्न : साखर कारखान्यात हंगामी आहे. हंगाम संपल्यावर थांबवलं, ही कपात आहे का?

नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं ठरवलं आहे. पण त्याच निकालात कारखान्यानं हंगामी कामगारांची नोंदवही ठेवावी आणि पुढच्या गळिताला ज्येष्ठतेनं त्यांनाच बोलवावं, असंही सांगितलं. तुम्हाला वगळून नव्या माणसाला घेतलं, तर तक्रार करा. गळीत सुरू होण्याआधी त्या यादीत तुमचा क्रमांक कितवा आहे, ते टाइम ऑफिसमधून लेखी घेऊन ठेवा.