बेसवाल्यांचे प्रश्न: फ्लॅटवाउंड घेताना जाडी नाही, ताण बघा

प्रश्न: प्रिसिजन धाटणीचा (फेंडरच्या प्रिसिजन बेससारखा) चार तारांचा बेस गिटार आहे, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच. सध्या ४५-१०५ च्या राउंडवाउंड तारा आहेत. साठच्या दशकातल्या सोल संगीताच्या रेकॉर्डवरचा तो गोल, ठोसेबाज आवाज हवा आहे. फ्लॅटवाउंडचाही ४५-१०५ सेटच मागवू ना?
— अ. कु., डोंबिवली

थांबा, नुसता आकडा जुळवून मागवू नका. ४५-१०५ ही फक्त जाडी आहे: सर्वांत बारीक ‘जी’ (G) तार ०.०४५ इंच, सर्वांत जाड ई तार ०.१०५ इंच. बोटांना जाणवतो तो ताण. सूर आणि स्केल ठरलेले असले की ताण तारेच्या वजनावर ठरतो. राउंडवाउंडमध्ये गोल वेढ्यांच्या मधे पोकळी राहते. फ्लॅटवाउंडच्या बाहेरच्या थरात चपटी पट्टी कडेला कड भिडवून गुंडाळलेली असते, पोकळी जवळपास उरतच नाही. म्हणून त्याच जाडीची फ्लॅट तार सहसा जड भरते आणि त्याच सुरात आणायला जास्त ताणावी लागते.

‘सहसा’ म्हटलं, कारण आतली तार आणि मधले थर प्रत्येक कंपनीचे वेगळे. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्डचा जॅझ फ्लॅट्स सेट ४३-५६-७०-१०० चा आहे. ई तार १०० ची असूनही हात लावला की सेट चक्क मऊ लागतो, अनेक राउंडवाउंडपेक्षाही ढिला. दुसऱ्या टोकाला ला बेलाचा ५२-७३-९५-११० सेट. डेट्रॉइटच्या मोटाउन या सोल संगीताच्या कंपनीच्या रेकॉर्डवर वाजणाऱ्या बेसवादक जेम्स जेमर्सनच्या १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेलाचा हाच जड सेट असायचा, आणि तो तारा तुटल्याशिवाय बदलत नसे असं सांगतात. तुम्ही म्हणता तो आवाज याच घराण्यातला. पण सवय नसलेल्या बोटांना हा सेट म्हणजे दोरखंड. अर्धा सूर खाली लावलात तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो, पूर्ण सूर खाली लावलात तर २१ टक्क्यांनी. तेवढीच सुटका.

तुमच्यासाठी मधला मार्ग: ला बेलाचाच हलका सेट, ४३-६०-८२-१०४. ठोसा तोच, नेकवर (बेसच्या दांडीवर) भार कमी. राउंडवाउंडची चमक एकदम सोडवत नसेल तर डॅडॅरिओ क्रोम्स, ४५-६५-८०-१००. फ्लॅटमध्ये हा सर्वांत उजळ सेटांपैकी एक. पहिले काही दिवस तर राउंडवाउंडच लावल्यात की काय असं वाटेल. थोमास्टिकमध्ये मधल्या पट्टीतला आवाज पुढे येतो, सूर जास्त वेळ टिकतो, बोटाने वाजवणाऱ्याला ते सुख आहे. मात्र पिकने जोरात झोडणाऱ्याने किंवा ॲक्शन (तारांची उंची) अगदी खाली ठेवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ढिली तार मोठा झोका घेते आणि फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटते.

फ्लॅट म्हणजे मिणमिणीत, हा समज मात्र काढून टाका. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस वर्षानुवर्षं फ्लॅटच वाजवतो. त्याच्या नावाचा रोटोसाउंडचा सेट ५०-७५-९५-११० चा आहे, आणि तो आवाज कुणाला मऊ वाटणार नाही.

प्रश्न: फ्लॅट लावल्यापासून आवाज ‘बंद’ झाल्यासारखा वाटतो. तारा खराब निघाल्या का?
— स. ना., मिरज

मिरजेच्या माणसाला हे तंबोऱ्यावरून सांगितलेलं बरं. राउंडवाउंड म्हणजे खुली जवारी, फ्लॅट म्हणजे बंद जवारी. कारणं वेगळी, कानाला परिणाम तसाच: फ्लॅटमध्ये वरचे स्वरांश लवकर विरतात, मूळ स्वर पुढे राहतो. खोलीत एकट्याने वाजवताना हे उणं वाटतं. ढोलकी, कीबोर्ड आणि दोन गिटार सोबत असले की त्याच बेसला आपोआप जागा मिळते. त्यामुळे घरात निकाल देऊ नका, एक पूर्ण तालीम होऊ द्या. ॲम्पवर १०० हर्ट्झच्या खालचं वाढवायच्या मोहात पडू नका, नुसती घुमघुम होते. ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास थोडं उचला, बोट पडल्याचा टपोरा आवाज तिथे असतो. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) हा तुमच्या वादनाचा मुख्य भाग असेल तर मात्र सरळ राउंडवाउंडवर परत जा.

प्रश्न: ५२-११० चा सेट चढवला. आता पाचव्या ते नवव्या फ्रेटपर्यंत तारा फार उंच लागतात, ई तार लावताना नटपाशी (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथे) ‘टिक्’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, आणि पहिल्या फ्रेटवरचा एफ चढा वाजतो. सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली केले तर वरच्या फ्रेटवर खडखड. काय करू?
— वि. फ., म्हापसा

सॅडल आधी पूर्वीच्या जागी आणा. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि सॅडलचा त्यातल्या एकाशीही संबंध नाही.

पहिला नेकचा. ताण वाढला, नेक पुढे वाकला, म्हणून मधे उंची वाढली. बेस सुरात असताना पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी पकड) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंतचं अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. ०.३० ते ०.३५ मिमी हवं. जास्त असेल तर तारा थोड्या ढिल्या करून ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घट्ट करा, रॉडच्या टोकाच्या नटाकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात आणा, पुन्हा मोजा. लाकूड लगेच ऐकत नाही, त्यामुळे रात्रभर ठेवून सकाळी परत मोजलेलं बरं. पाना जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच थांबा आणि कारागिराकडे न्या. आत तुटलेला रॉड म्हणजे नेकच गेली.

हे झाल्यावर सॅडलकडे या. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली साधारण २.४ मिमी आणि जी तारेखाली २ मिमी ही सुरुवात धरा. एवढा जड सेट असेल तर याहून थोडं खालीही चालतं, कारण तार फारशी झोकत नाही.

दुसरा बिघाड नटाचा. खाच बहुधा १०५ च्या तारेसाठी कापलेली, तुम्ही बसवली ११०. फरक ०.००५ इंचाचा, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा हिस्सा. पण तार खाचेच्या तळाशी बसत नाही, दोन भिंतींत अडकते. खुंटी फिरवली की आधी काहीच होत नाही आणि मग ती ‘टिक्’ करून सुटते. तार वर राहिल्यामुळे पहिल्या फ्रेटवर दाबताना जास्त ताणली जाते, म्हणून एफ चढा. खात्री करायची असेल तर ई तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागद कसाबसा सरकेल एवढीच हवी, तुमच्याकडे पोस्टकार्ड जात असणार. खाच नट-फाइलने रुंद करा, खुंटीच्या बाजूला किंचित उतार ठेवून. जास्त खोल गेली तर मोकळी तार खडखडेल आणि नट बदलावा लागेल. पहिल्यांदाच करत असाल तर हे काम बाहेर द्या. पेन्सिलीचं शिसं घासून घर्षण कमी होतं, खाच रुंद होत नाही.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्या. जाड ई तारेला सॅडल बरंच मागे लागतं. सॅडलची स्प्रिंग आड येत असेल तर काढून थोडी कापा.

प्रश्न: नवी ए तार लावली तर ती मेल्यासारखी वाजते, बाकी तीन ठीक आहेत. तार सोयीसाठी आधीच कापून घेतली होती.
— र. म., नाशिक

तिथेच घोटाळा असण्याची शक्यता मोठी. काही तारांची आतली तार षट्कोनी नसून गोल असते. ती आधी कापली की वेढे सैल होतात आणि ते दुरुस्त होत नाही. क्रम असा ठेवा: तार ब्रिजपासून खुंटीपर्यंत सरळ ओढा, खुंटीच्या पुढे १० ते १२ सेमी सोडा, तिथे पकडीने काटकोनात मोडा आणि मोडीच्या पुढे एक सेमीवर कापा. टोक खुंटीच्या भोकात घालून दोन ते तीन वेढे, वरून खाली.

कापण्यात चूक नसेल तर तार पिळली गेली असेल. खुंटीवरून सोडवा, मोकळी लोंबू द्या, स्वतःहून उलगडली की परत लावा. मग सॅडलच्या पुढे आणि नटाच्या पुढे अंगठ्याने हलकेच खाली दाबा. फ्लॅट तार ताठ असते, सॅडलवरून कमानीसारखी जाते आणि टेकण्याची जागा धूसर राहते. एवढ्यानेही मेलेली तार कधी कधी जागी होते.

प्रश्न: माझ्या बेसला तारा बॉडीच्या मागून घालायच्या आहेत. फ्लॅट चालतील का?
— प. दे., ठाणे

ब्रिजवरून घालायची सोय असेल तर तीच वापरा. मागून आलेली तार सॅडलवर तीव्र कोनात वळते, तिथे चपटी पट्टी उघडते किंवा तार तुटते, लांबीही कमी पडते. कुठल्याही बेसवर मागवण्याआधी ब्रिजच्या टोकापासून नटापर्यंत टेप लावून मोजा. तारेच्या खुंटीकडच्या टोकाच्या रेशमी गुंडाळीचा भाग नट ओलांडल्यावरच सुरू झाला पाहिजे, नटावर रेशीम आलं तर सेट चुकीच्या स्केलचा. आणि ३० इंची बेसवर त्याच वजनाच्या तारेचा ताण ३४ इंचीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी भरतो, त्यामुळे तिथे जड सेटही बोटांना झेपतो.

प्रश्न: फ्लॅट किती टिकतात? राउंडवाउंडसारख्या उकळून ताज्या होतात का? आमच्याकडे पावसाळ्यात सगळंच गंजतं.
— ज. सा., मालवण

उकळू नका. राउंडवाउंडच्या खाचांतला मळ उकळून निघतो, फ्लॅटला खाचाच नाहीत आणि पाणी रेशमात शिरून आतली तार गंजते. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालून पुसा. चिकटपणा आला तर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब पुरे, थेट तारेवर ओतायचं नाही. फिंगरबोर्डवर लाखेचं पॉलिश असेल तर अल्कोहोल त्याला लागू नये म्हणून तारांखाली एखादी पट्टी सरकवा. मोकळ्या स्टँडवर न ठेवता केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका आणि ती महिन्याला बदला.

असं सांभाळलं तर सेट अनेक वर्षं चालतो, म्हणून जास्त किंमत वसूल होते. बदलायची वेळ आवाज मऊ झाल्यावर येत नाही, मऊ व्हायलाच तर त्या लावल्या. बाराव्या फ्रेटवरचा स्वर ट्यूनरवर एका जागी ठरेना, किंवा बोटाला पट्टीची कड लागायला लागली, की काढा.