इंजेक्टरचा वॉशर बदलण्यापूर्वी

आपल्या कॉमन रेल डिझेल इंजिनात (ज्यात सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळते) इंजेक्टरभोवती, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाभोवती, डांबरासारखा काळा, कडक थर जमला असेल आणि इंजिन सुरू असताना तेथून फुसफुस असा तालबद्ध आवाज येत असेल, तर बहुधा गळती डिझेलची नसून इंजेक्टरच्या तळाशी असलेल्या तांब्याच्या वॉशरपाशी सिलिंडरमधील वायू निसटत आहे. ओलसरपणा आणि डिझेलचा वास असेल, तर आधी रिटर्न नळीची (उरलेले डिझेल परत नेणाऱ्या नळीची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, तपासावी. तो दोष पुष्कळ स्वस्तात दूर होतो.

नवा वॉशर बसवण्यापेक्षा त्याची बैठक, म्हणजे तो जिथे टेकतो ती जागा, साफ करण्यास अधिक वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे. जुना वॉशर अनेकदा इंजेक्टरसोबत न येता खालीच चिकटून राहतो आणि त्यावर दुसरा बसवला गेला, तर नोझल (इंजेक्टरचे फवारणारे टोक) वर राहून गळती पुन्हा सुरू होते. काजळी सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून तळाचे भोक बंद करून मगच बैठक खरवडावी. काढलेला वॉशर पुन्हा वापरू नये. इंजेक्टर ज्या सिलिंडरचा असेल त्यातच परत बसवावा, कारण अनेक गाड्यांत त्याचा कोड इसीयूमध्ये (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) नोंदलेला असतो. इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट मॅन्युअलमधील टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोरानेच) आवळावा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रेलमधील दाब अनेक इंजिनांत १,६०० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) जातो, त्यामुळे इंजिन चालू असताना गळती बोटाने कधीही चाचपू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. इंजिन बंद करून दाब पूर्ण उतरल्यावरच नळ्यांचे नट सैल करावेत.