कला शाखेतून वैद्यकीय शिक्षणाकडे वळताना

तुम्ही मालवणात राहून बी.ए. पूर्ण केले आहे आणि आता डॉक्टर व्हायचे आहे, तर प्रथम हे लक्षात घ्यावे की एमबीबीएसच्या प्रवेशासाठी पदवी नव्हे, तर बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय पाहिले जातात. मी वाणिज्य पदवीनंतर अकरावीच्या वर्गात पुन्हा बसलो होतो. तुम्हाला ते करावे लागणार नाही, कारण 2023 च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हे विषय बारावीनंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसण्याची मुभा दिली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही ते देता येतात, मात्र प्रात्यक्षिके टाळू नका. खुल्या प्रवर्गाला या तीन विज्ञान विषयांत मिळून 50 टक्के गुण आवश्यक आहेत.

नीटच्या 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे असतात, आणि पाठांतराची सवय असलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला तिथेच आधार मिळतो. खरी कसोटी भौतिकशास्त्राची. त्यासाठी दहावीच्या गणितापासून सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण पुढचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीत होत असल्याने संज्ञा दोन्ही भाषांत शिकाव्यात. वयाची कमाल मर्यादा नाही, तरीही एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) यांचा हिशेब घरच्यांसमोर आजच मोकळेपणाने मांडा. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि अलिबाग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शासकीय महाविद्यालयांतील राज्याच्या विद्यार्थ्यांसाठीच्या 85 टक्के जागांच्या कोट्यासाठी दहावी-बारावीची व अधिवासाची कागदपत्रे आताच जुळवून ठेवा.