रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीची काच फोडणारा चोर छुप्या कॅमेऱ्यात कसा टिपता येईल?

डॅशकॅम असूनही मागची काच फोडून बॅग नेली आणि फुटेजमध्ये काहीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. असणार कसं? पुढच्या काचेवरचा कॅमेरा बोनेटसमोरचा रस्ता बघतो आणि चोर येतो मागच्या दाराशी. त्यात पार्किंग मोड (गाडी बंद असतानाचं रेकॉर्डिंग) नुसत्या जी-सेन्सरवर, म्हणजे धक्का ओळखणाऱ्या सेन्सरवर असेल, तर मागची छोटी तिकोनी काच फुटताना गाडी इतकी कमी हलते की सेन्सर जागाच होत नाही.

म्हणून आधी केबिनकडे तोंड असलेला, इन्फ्रारेड दिवे असलेला दुसरा कॅमेरा घ्या (टॅक्सीवाले वापरतात तसला). तो आरशामागे असा बसवा की मागच्या दोन्ही खिडक्या फ्रेममध्ये येतील. स्क्रीन, बीप आणि लुकलुकणारा एलईडी बंद ठेवा. चोर बॅगेसाठी आत वाकतो तेव्हा त्याचा चेहरा लेन्सपासून जेमतेम दीड-दोन मीटरवर असतो. सेटिंगमध्ये हालचाल ओळखणारा, घटनेआधीचे काही सेकंदही साठवणारा 'बफर्ड' मोड निवडा. सेकंदाला एक फ्रेम घेणारा टाइमलॅप्स इथे कुचकामी, कारण सगळा कारभार काही सेकंदांत उरकतो.

पेन किंवा चार्जरच्या आकाराचे बॅटरीवाले 'स्पाय' कॅमेरे मी सुचवणार नाही. त्यातले बरेचसे शरीराच्या उष्णतेवर जागे होतात आणि ती उष्णता काचेतून आरपार जात नाही. माणूस खिडकीला नाक लावून उभा राहिला तरी कॅमेरा झोपलेलाच. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत लिथियम बॅटरी फुगते. आत बॅटरीऐवजी कॅपॅसिटर असलेला कॅमेरा आणि सतत रेकॉर्डिंग सोसणारं, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं 128 जीबीचं कार्ड घ्या.

वीज हार्डवायर किटमधून (कॅमेरा थेट गाडीच्या फ्यूजबॉक्सला जोडणारा वायरींचा संच) द्यायची. त्यात तीन वायरी असतात: एक कायम चालू फ्यूजला, एक इग्निशनच्या फ्यूजला, तिसरी बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला अर्थ म्हणून. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) वापरा, मल्टिमीटरने तपासा, आणि एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नका. पहिल्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर पार्किंग मोड सुरूच होत नाही. तक्रार मात्र कॅमेऱ्याची होते. कॅमेरा साधारण पाव अँपिअर खातो असं धरा. दहा तासांत अडीच अँपिअर-अवर गेले. हॅचबॅकची बॅटरी 35 ची असेल तर एका रात्रीला काही होत नाही, पण गाडी दोन दिवस जागची हलली नाही तर 12 गेले. त्यामुळे कटऑफ (ज्या व्होल्टेजला किट कॅमेऱ्याची वीज तोडतं तो आकडा) 11.8 वर न ठेवता 12.2 व्होल्टच्या आसपास ठेवा, नाहीतर सकाळी धक्कास्टार्ट.

घराच्या खिडकीतून गाडी दिसत असेल तर तिथलाही कॅमेरा कामाचा, पण लेन्स बघून घ्या. अनोळखी चेहरा ओळखायला मीटरमागे 250 पिक्सेल लागतात, म्हणजे 1080पी कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये साडेसात मीटरच रुंदी बसते. दुकानदार सर्रास देतो ती 2.8 मिमीची लेन्स दहा मीटरवरून त्याच्या तिपटीहून जास्त रस्ता दाखवते आणि चेहऱ्याच्या जागी ठिपका. 8 मिमीची मागा. दुसऱ्या मजल्याच्या वर गेलात तर टोपीच दिसेल. कॅमेरा काचेआड असेल तर त्याचे इन्फ्रारेड दिवे बंद करा, नाहीतर त्यांचाच उजेड काचेवरून उलटून फ्रेम पांढरी होते. मग भिस्त रस्त्यावरच्या दिव्यावर. लेन्स काचेला टेकवून भोवती काळं कापड लावा, म्हणजे खोलीतलं प्रतिबिंब येणार नाही. समोरच्यांच्या खिडक्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमधल्या प्रायव्हसी मास्कने (फ्रेमचा तेवढा भाग काळा करणारी सोय) झाका.

क्लिप मिळाली की ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायच्या आधी कार्ड काढून बाजूला ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, ती मूळ फाइल राहत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी ताडून फरक लिहून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं: भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा, बोटांच्या ठशासारखा कोड). ती एसएचए-256 या पद्धतीने मूळ फाइलवरच काढा आणि तक्रार देताना सोबत द्या.